अण्णांची उर्दू सही

वालूर, बुधवार, ३० एप्रिल १९८६

विक्रीकराचं विवरणपत्र आज परभणीच्या ऑफिसातून तसंच परत घेऊन यावं लागलं. सही जुळत नाही म्हणे!

दुकान अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या नावावर. निजामाच्या काळात शिकलेले, म्हणून सही उर्दूत करतात. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून, गेली दोन वर्षं, ती मीच करत आलो. चोरून. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. जुन्या कागदावर बघून चित्र काढावं तशी काढतो, शेवटी दोन टिंबं. कधी कोणी हटकलं नाही. या खेपेला मन खायला लागलं म्हणून फॉर्म अण्णांपुढेच ठेवला. त्यांनी पाच मिनिटं लावून सही केली. टिंबं ओळ सोडून पार खाली उतरली. आणि नेमकी खरी सहीच परत आली. आता त्यांना सांगू कसं?

संध्याकाळी सांगितलंच. अण्णांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि हसले.

"मग पहिल्यासारखी तूच कर की. फक्त टिंबं लय लांब लांब देतोस. दोन वर्षं झाली, सांगीन सांगीन म्हणायलोय."