मोठ्या फाइलमधली कुजबुज

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. राहू दे.

आईच्या मैफलीचं रेकॉर्डिंग झालं. फोनवर तू हसला होतास, "ताई, एवढ्या अगडबंब फाइली कशाला? ऐकणारी माणसं आहेत, वटवाघळं नाहीत!" निम्मं तुझं खरं. शहाण्णव किलोहर्ट्झची प्रत आणि साधी सीडीची प्रत, दोन्ही मी कुठली कोणती ते न सांगता पेटीवाल्या काकांना ऐकवल्या. त्यांना फरक कळला नाही. खरं सांगू? मलाही नाही.

पण चोवीस बिटांवरून मी मागे हटणार नाही; त्यात अगदी हळू आवाजही खरखरीशिवाय टिकतो. आई वरच्या सुरात कधी झेप घेईल याचा नेम नसतो, म्हणून आवाज फाटू नये यासाठी मी रेकॉर्डिंगची पातळी बरीच खाली ठेवली होती. त्या दिवशी ती चढलीच नाही. सगळं गाणं दबकं. स्टुडिओत मी ते खूप वर उचललं, तरी सुरसुर नाही. स्वच्छ.

इतकं स्वच्छ की दुसऱ्या गाण्याच्या मध्येच आईची कुजबुज ऐकू आली. "पुढे काय?" आणि काकांनी हळूच ओळ सांगितली. म्हटलं, होतं असं कधीतरी. तिसऱ्या गाण्यात पुन्हा. मग पुन्हा.

काकांना बोलावून ऐकवलं. ते हेडफोन काढून चष्मा पुसू लागले.

"कधीपासून चाललंय?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. तिनं शपथ घातली होती गं. मुलांना कळू देऊ नका म्हणाली."

एवढंच असतं तर मी फोन केला असता. पण पुढचं तोंडाने सांगणं जमेना, म्हणून लिहितेय.

शेवटच्या गाण्याआधी पेटीचा सूर धरलेला असताना आई विचारते, "ती समोर हेडफोन लावून बसलीये, ती कोण हो?"

"अहो, तुमची थोरली."

"हो का? किती एकटक बघते माझ्याकडे." आणि ती गायला लागते.

त्या दिवशी मंचावरून उतरताना माझा हात धरून ती म्हणाली होती, "बाई, फार छान सोय केलीत तुम्ही." तिची नेहमीची थट्टा समजून मी खो खो हसले, रे.

आता तिच्या खोलीत शिरताना दारातूनच "आई, मी आलेय, थोरली" असं ओरडते. न ओरडता जायची हिंमत होत नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचंय. त्याआधी ये. आलास की लगेच नाव सांगू नकोस. दारात जरा थांब. आधी तिला बोलू दे.

मी तुझ्या मागेच उभी असेन.

घाबरलेली,
तुझी ताई