तीन बोटं

४ मार्च १९६८, सोमवार
काल घाटकोपरला कुंडलिकाकडे आले. टेकडीवरची खोली झकास. पत्रा नवा, दारात नळ. पायऱ्या उतरलं की डावीकडे ठेसन, उजवीकडे दवाखाना. लेक मरोळच्या कारखान्यात, अंगाने भरलाय. सून जया सातवी शिकलीय म्हणे, पण भाकरी अशी की चपलेला तळ म्हणून ठोकावी. तोंडावर सांगितलं. घुमी आहे, खाली बघून पुढची थापायला घेतली. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली, ती विसरू नयेत म्हणून ही वही.

७ मार्च, गुरुवार
खालची किडकी दाढ ठणकतेय. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. जया म्हणाली, दवाखान्यात जाऊ. म्हटलं, तुझ्या बापाने काढलाय का? हे गालगुंड. गावी मी शंभर पोरांची उतरवलीत. तांबडी काव उगाळून लावली, वरून गरम मिठाची पुरचुंडी.

९ मार्च, शनिवार
कुंडलिक डॉक्टरला घेऊनच आला. तो म्हणाला, आजी, तोंड उघडा, आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत. दोनच मावली. मग जिभेखाली बोट घालून दाबलं. लाकडासारखं कडक लागतंय म्हणाला. हे गालगुंड नव्हे. दाढेचा पू गळ्यात उतरतोय, आजच इस्पितळात नेऊन चीर द्या, नाहीतर श्वासाची वाट बुजेल. म्हटलं, चीर तुझ्या आईला दे. गेला.
गावच्या सोनूबाईचा गाल असाच चिरला होता. मरेपर्यंत प्यालेलं पाणी गालातून गळायचं. कुंडलिकाचा हात माझ्या गळ्यावर ठेवला, शपथ घातली: माझ्या तोंडाला सुरी लागू द्यायची नाही. तापात मीच मागितली तरी नाही. रडत हो म्हणाला. जयाला घातली नाही. परक्या घरची पोर, तिच्या शपथेला काय किंमत?

१० मार्च, रविवार
एक बोट. जया चमच्याच्या टोकाने पेज भरवते, निम्मी छातीवर सांडते. बोलायला जावं तर तोंडात गोधडी कोंबल्यासारखा आवाज. तिला चार शब्द सुनवायचे होते, आतच राहिले.

११ मार्च
नख. नुसतं नख जातं.
जिभेला कोणीतरी खालून वर ढकलतंय. आडवी झाले की गळ्यावर बसतं. भिंतीला टेकून आहे. लाळ गिळवत नाही. हनुवटी कुठे संपते, गळा कुठे लागतो, कळत नाही.
डॉक्टर खरा होता.
कुंडलिकाला खूण केली — गळ्यावर बोट ओढून — काप. त्याने माझा हात धरला. वहीत लिहिलं, मला ने. वाचून वही कपाळाला लावली. म्हणाला, आये, तूच म्हणालीस, तापात मागशील. गळ्याची शपथ मोडली तर तूच जाशील.
माझीच जीभ. तिनेच दाराला लावलेली कडी.

१२ मार्च, सकाळ
तो रजा सांगायला मरोळला गेलाय. जयाला शपथ नाही. जयाला —
वही दिली, कालचं पान उघडून. तिने पहिलं पान काढलं. सगळी वाचली. चपलेचा तळ — तुझा बाप — परक्या घरची पोर — ओठ हलवत.
वही माझ्या मांडीवर ठेवली. चपला घातल्या.
डावीकडे ठेसन — माहेरची गाडी. उजवीकडे —
श्वासाला शिट्टी लागलीय. बोट गळ्यावर ठेवते तर —
पायऱ्यांवर चपला वाजतात. ऐकतेय. खाली पोचल्या — थांबल्या —
वळल्या —