भुशातला चुरा

३ मार्च
एकवीस तारखेला समिती. त्यांना पटलं तर प्रोजेक्टला मुदतवाढ, नाहीतर प्रोजेक्ट बंद. काळजीचं कारण नाही, प्रयोग सोपा आहे. पोट रिकामं राहिलं की लिव्हरमधलं एक जनुक चालू होतं आणि चरबी जळायला लागते. उंदरांना उपाशी ठेवायचं, मग त्यांची लिव्हर काढून जनुक मोजायचं. आजपासून मीही संध्याकाळी सातनंतर खाणार नाही. शिस्त दोन्हीकडे सारखी हवी.

५ मार्च
पिंजऱ्यांतलं खाणं काढलं. खालचा लाकडाचा भुसा बदलणार नाहीस का, असं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं. भुसा कोणी खात नाही, असं मी शांतपणे सांगितलं.
घरी आईने भाजीचं मीठ बघायला सांगितलं. दोनदा बघितलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे.

१० मार्च
जनुक बंदच. मशीन तपासलं, मशीन चोख आहे. म्हणजे जनुकाबद्दलची आजवरची समजूत चुकीची असणार.
माझं वजन जराही उतरलेलं नाही. काटा जुना झालाय.

१३ मार्च
पुन्हा प्रयोग, पुन्हा बंद. असा निकाल एकदा आला तर दोष, दोनदा आला तर शोध. भुकेला न जुमानणारं जनुक. पेपरचं शीर्षक ठरवून टाकलं. त्या भरात ड्रॉवरमधली बिस्किटं थोडी संपली. तुटकीच होती.
घरी रात्री मी भाजीचं मीठ बघत होते तेव्हा दादा म्हणाला, असला उपास असेल तर मीही जन्मभर करीन. त्याला सायन्स कधी जमलंच नाही.

१७ मार्च
सरांना स्लाइड्स दाखवल्या. त्यांनी पहिली स्लाइड पुन्हा लावायला सांगितली. भारावले असावेत. मग म्हणाले, अगं, लिव्हर काढलीस तेव्हा शेजारचं पोट बघितलंस का? मी म्हटलं, माझा विषय लिव्हर आहे.

१८ मार्च
फ्रीजरमधले उंदीर काढून पोटं उघडली. भरलेली. भुशात पडलेला खाण्याचा चुरा त्यांनी वेचून खाल्लाय. भुसा तसाच आहे. म्हणजे माझं वाक्य बरोबरच होतं.

२१ मार्च
समितीने एकच प्रश्न विचारला. भुशाचा. प्रोजेक्ट बंद.
संध्याकाळी टेबल आवरलं. ड्रॉवर उलटा केला तर ढीगभर चुरा पडला. मैत्रिणीने ब्रश पुढे केला. ती गेल्यावर घड्याळ बघितलं. सात वाजून गेले होते. ब्रश लागला नाही.