धरणाकाठच्या दोन रात्री

१२ एप्रिल, रविवार

बुक केली! धरणावरची केबिन, १ आणि २ मे. फोन ठेवला तेव्हा हसू आवरेना. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला!

हे १ मेला कायमचे गावी येणार. मुंबईचा छापखाना सुटला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी सोडली तर आम्ही एका छपराखाली राहिलोच कुठं? सलग वीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. आता रोज. सकाळ, दुपार, संध्याकाळ. म्हणून वाटलं, घरात पाऊल टाकण्याआधी दोन रात्री दोघांनीच कुठंतरी राहावं. हे फाट्यावर उतरतील, मी स्कूटर घेऊन तिथंच असेन. तिसऱ्या दिवशी घरी.

ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "धरणावर? ...बरं. तू ठरवलंस तर." उत्साह म्हणून नाही माणसाला!

१४ एप्रिल

सासूबाईंना सांगून बसले. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. "कायमचा येतोय माझा पोर, आणि पयला घरी न येता पान्याकडेला जाऊन निजायचा? घर काय जळलाय आपला?" मग जेवताना आणखी एक वाक्य — "थयसर मच्छर फोडून खातील."

त्यांचंही चुकलं नाही. सव्वीस वर्षं त्यासुद्धा वाट बघतायत.

१५ एप्रिल

पोस्टात ड्युटीवर कालच्या तारखेचा शिक्का मारत बसले होते. सतरा पाकिटं! डोकं ठिकाणावर नाही.

१७ एप्रिल

सामानाची यादी केली. मच्छरदाणी, टॉर्च, दोन चादरी (उकाड्यात तिथं पांघरायचंय कोणाला, तरी), चहा-साखर, कोकमाचं आगळ, भाजायला सुके बांगडे. केबिनवाल्या नितेशकडे जेवण मिळतं, पण ह्यांना बाहेरचं तिखट सोसत नाही. की सोसतं? मुंबईत काय खातात, कसं खातात, मला कुठं माहीत आहे! बांगडे खोडले. परत लिहिले.

पुण्याहून स्वरूपचा फोन. "आई, बाबांशी दोन दिवस काय बोलशील?" आणि हसतोय कार्टा. आपलाच मुलगा, पण नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवतो. फोन ठेवल्यावर खरोखर मागच्या पानावर बोलायचे विषय लिहायला घेतले. पंपाची मोटर. सासूबाईंचा गुडघा. स्वरूपची नोकरी. पुढं काही सुचेना. हे सगळं अर्ध्या तासात संपेल, मग पाण्याकडे बघत बसायचं. पान फाडून टाकलं. स्वरूपच्या हाती लागलं तर जन्मभर ऐकावं लागेल.

१९ एप्रिल, रविवार

जागा बघून आले. उन्हानं डोकं भणाणलंय, आणि नुसत्या उन्हानं नाही.

काजूच्या बागेत तीन केबिन आहेत, पुढं लाकडी पडवी, खाली धरण. पाणी बरंच आटलंय, काठाला तांबडी माती उघडी पडलीय. छान आहे. खरंच छान. नितेश मुंबई सोडून आलेला पोरगा, बोलका. मी आधारकार्ड दाखवलं तर त्यावरचं ह्यांचं नाव वाचून म्हणतो, "वयनी, दादांचा हाय आमच्याकडं. शिमग्यात र्‍हावून गेले ना दोन दिवस. एकटेच होते. बोलले पन नाय कोनाशी."

मी म्हटलं, "हो हो, माहीत आहे."

का म्हटलं तसं? काय झाकत होते मी, आणि कोणासाठी?

नंतर हळूच तारखा विचारल्या. आमच्या घरी पालखी आली तोच दिवस! देवी दारात आली, ढोल वाजत होते, मी ओटी भरली, आईंनी गुडघ्यावर हात ठेवत उठून पाया पडून घेतलं. वाडीतला जो तो विचारतोय, विनोद नाय आला यंदा? आणि मी सगळ्यांना सांगतेय, सुट्टी नाही मिळाली. फोनवर तसंच म्हणाले होते, सुट्टीचं कठीण दिसतंय. आणि माणूस दहा किलोमीटरवर पाण्याकडे बघत बसला होता! पालखीला मुंबईहून माणसं उभ्यानं प्रवास करून येतात. हा दारात येऊन आला नाही.

२० एप्रिल

आईंना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

२२ एप्रिल

दुसरी बाई? नाही, एकटेच होते. आजार? कर्ज? दिवसभर मनात तेच दळण. भात करपला. आई म्हणाल्या, "धरनाचा एवढा नाद लागलाय गो तुला?" चिडले त्यांच्यावर. मग वाईट वाटलं, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं.

रागापेक्षा अपमान जास्त झालाय. ह्यांना घरापेक्षा ती पडवी बरी वाटली. माझ्यापेक्षा.

२५ एप्रिल

ह्यांचा फोन. ट्रंक पाठवून दिलीय, टेम्पो बुधवारी येईल. "कुठं ठेवणार?" विचारत होते. स्वतःच्या घरात स्वतःची ट्रंक कुठं ठेवायची, हे मला विचारतात! मी म्हटलं, बघू. शिमग्याचं ओठावर आलं होतं, गिळलं. केबिन रद्द करावी असं शंभरदा वाटतंय. नितेशचा नंबर काढते आणि ठेवून देते.

२७ एप्रिल

घरभर फिरले ट्रंकेसाठी. माझं शिवणाचं मशीन, माझं कपाट, माझ्या बरण्या. खिडकीपाशी माझी खुर्ची. कुठंच जागा नाही.

२८ एप्रिल

फोन करून विचारलं एकदाचं. शिमग्यात धरणावर होतात ना?

म्हणाले, "सुट्टी मिळाली होती. तुला फोन केला तेव्हा नुसतं म्हणून बघितलं, सुट्टीचं कठीण दिसतंय. तू लगेच म्हणालीस, नाही आलात तरी चालेल, मी घेईन सगळं करून. तुझ्या आवाजात सुटका झाल्यासारखं वाटलं गो. तिकीट काढलेलं होतं, म्हणून निघालो. फाट्यापर्यंत आलो. पुढं पाय उचलेना."

म्हटलं होतं मी. शब्द अन् शब्द आठवतोय. आणि फोन ठेवून, देवा, मला हायसं वाटलं होतं!

रडू आलं. रडतच म्हटलं, "१ तारखेला नाही आलात तर चालणार नाही."