कोठार-४ची हाक

३ मार्च, सोमवार

झालं वाटोळं! आबांनी नव्या 'कोठार-४' सर्व्हरला नेटवर्कवरून बूट होऊन कोरं व्हायला सांगितलं, आणि कोरा झाला आम्ही ज्याचे सर्व्हर सांभाळतो त्या दवाखान्याचा चालता सर्व्हर. आठवड्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट गायब. आबा — आमच्यात सर्वांत जुने, म्हणून आबा — एकच धोशा लावून बसले, "अगं, मी नाव बघूनच बटण दाबलं!" साहेब म्हणाले, वय झालं आता. मी मान हलवली. का हलवली, कोण जाणे.

४ मार्च

दवाखान्याच्या माहितीची पहाटेची राखीव प्रत मिळाली. सुटलो! पण शुक्रवारपासून आबांना फोन घ्यायला बसवणार. वीस वर्षं सर्व्हर उभे केलेला माणूस! आणि ते काल दुपारपासून एकदम गप्प. "भांडा ना हो," म्हटलं. नुसते हसले.

५ मार्च

आज मी आबांचं म्हणणं खरं धरून बसले. नीट लिहून काढते, डोकं ताळ्यावर येईल. नवं यंत्र बूट होताना आमचं सॉफ्टवेअर त्याला पत्ता देतं आणि डीएनएसच्या यादीत त्या पत्त्यापुढे नाव लिहितं. यंत्र मोडीत काढलं की नाव पुसायचं. पुसलंच जात नाहीये! जुना कोठार-४ गेल्या वर्षी मोडीत गेला, त्याचा पत्ता दवाखान्याला मिळाला, आणि नाव तिथेच चिकटून राहिलं. नव्याचं नाव यादीत चढण्याआधीच आबांनी कोठार-४ला हाक मारली, ओ दिली दवाखान्याने. आबांची काही चूक नाही! जेवायचंच विसरले.

६ मार्च

ओळ सापडली. नाव पुसायची आज्ञाच बंद. शेजारी टीप: "चाचणीपुरतं. उद्या चालू करणे." तीन वर्षांपूर्वीची. खाली नाव माझं.

महिनाअखेर कंत्राट संपून मी कायम व्हायची आहे. आईने तर चार घरी सांगूनही टाकलंय. ओळ गुपचूप चालू केली, तर एवढ्या जुन्या फाइलीत कोण डोकावतंय? लिहितानाही लाज वाटतेय. पहिला सर्व्हर बूट करायला मला आबांनीच शिकवलं, शेजारी खुर्ची ओढून.

संध्याकाळी ते टेबल आवरत होते. "येते, आबा," एवढंच मी म्हणाले. भित्री कुठली!

७ मार्च

नऊलाच साहेबांच्या खोलीत आबांसमोर सगळं सांगून टाकलं. आबांची बदली रद्द. माझं कायम होण्याचं पत्र थांबलं.

बाहेर आल्यावर आबा माझ्यावरच चिडले. "ती ओळ मी सोमवारीच पाहिली होती. तुझं पत्र हातात पडेपर्यंत गप्प बसणार होतो. कुणी सांगितलं होतं तुला नाक खुपसायला?"