एक तोळा पुढं

धामणगाव बढे,
१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

माझ्या हिमानीले आजीचा गालभर मुका.

आम्ही मजेत. थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या. आबा माझ्या चहाले नावं ठेवतेत, म्हणजे तब्येत ठणठणीत समज. पत्र शेजारची गुलनाज लिहून राह्यली. मी बोलीन तसंच लिही, शुद्ध करू नको, अशी ताकीद दिली आहे तिले. फोनच केला असता, पण फोनवर आबा कान लावून बसतेत, अन् ही त्यायचीच चुगली आहे.

तुझी लेक घाईची निघाली, दोन महिने आधीच आली. नागपूरच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत, तू पेटीबाहेर. जावई रोज सकाळी फोनवर तिचं वजन सांगतेत, ग्रॅममधी. आबाले ग्रॅम काही पटत नाही. जन्म सोनारकीत गेला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, अन् जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, जसा काही वजनासाठीच पाडला. मग काय, पेटीतले वाडवडिलांचे रुपये काढले अन् पोरीच्या वजनाएवढे तुझ्या जुन्या झबल्यात बांधले. कमी पडले तं माझ्या पायातल्या तोरड्या घातल्या. मी म्हटलं, "लग्नात तुम्हीच हलक्या दिल्या होत्या, आता भरते का वजन पाहून घ्या!"

आता ते गाठोडं मांडीवर घेऊन दिवसभर उन्हात बसतेत. पोरगी तोळाभर वाढली की एक रुपया टाकतेत. बाया विचारतेत, "नीळकंठभाऊ, काय घेऊन बसले?" तं म्हणतेत, "पणती आहे. हळू बोला."

गुलनाज, थांबली काऊन? लिही.

सोमवारी तिचं वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, होते असं. मी म्हटलं, "एक रुपया काढा."

"नाही काढत."

"अहो, जन्मभर गिऱ्हाइकाचं गुंजभर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही तुम्ही."

"ते सोनं होतं," म्हणाले. अन् मग हळूच, "काढलेला रुपया ठेवू कुठी?"

मी गाठोड्याची गाठ पक्की बांधून दिली.

ते आंघोळीले गेले तसं मी गाठोडं उचललं. चांदी उन्हानं तापते. हात ठेवला तं अंग गरम लागलं. डोळा लागला. शेताच्या धुऱ्यावरच्या गुंजेच्या शेंगा एकेक उकलून राह्यल्या होत्या, लाल दाण्यांचे काळे डोळे माझ्याकडं पाहून राह्यले होते, अन् मांडीवर कोणीतरी पाय झाडत होतं. जागी झाली तं आबा ओल्या अंगानं समोर उभे. तसेच आत गेले. चहा करून आणला. पांचट. मी नावं ठेवली नाही.

आजही वजन त्या रुपयापर्यंत आलं नाही, सकाळी जावयांनी सांगितलं. रुपया मात्र गाठोड्यातच आहे, तिच्या एक तोळा पुढं. काचेत हात घालू देतील तवा तिच्या कानात सांग, सावकाश ये माय, पण तिथवर ये. तुझी जागा आम्ही आळीपाळीनं गरम ठेवून राह्यलो.

आज माझी पाळी आहे.

मांडी न हलवता अंगठा लावणारी,
तुझी आजी मनकर्णाबाई