बोटभर सरकलेला चेंडू

प्रिय टिंगू,

सहा फुटांच्या माणसाला टिंगू म्हणतो म्हणून तू मागे चिडला होतास, पण या वयात माझी जीभ आता नवं वळण घ्यायची नाही. तुझी आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त कुरकुरते, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकत होता, तो मी गेल्या आठवड्यात बदलला. हल्ली ती मला रस्ता ओलांडताना हाताला धरते. शेजारचे मास्तर रोज सकाळी येऊन पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात, छोट्या जाहिरातींसकट. गोल्फ क्लबवर कॅडींच्या, म्हणजे आम्हा बॅगा वाहणाऱ्यांच्या, मुकादमानं मला सरावाच्या मैदानावर चेंडू वेचायला ठेवलंय, आणि तिथंही येऊन विचारतो, मामा, सापडतात ना? आंधळ्याला मान पुष्कळ मिळतो रे, काम तेवढं कुणी देत नाही.

वर्षभर तुझी बॅग वाहिली, ते अजून खांद्यात आहे. बारा गावं, बारा लॉज, प्रत्येक खोलीत दोन खाटा आणि एकच पंखा, तोही तुझ्याकडे तोंड करून. तू उठायच्या आत मी मैदानावर जाऊन पावलं मोजायचो आणि अंतरं वहीत लिहायचो. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे आकडे सरळ आणि अक्षरं वाकडी. त्या वहीला तू कोंबडीचे पाय म्हणायचास, पण फटक्याआधी तीच मागायचास. दोन दिवस खेळ झाला की तळातली निम्मी नावं कापली जायची. सहा गावांत आपलं नाव कापलं गेलं आणि शुक्रवारी संध्याकाळी आपण परतीच्या बसमध्ये होतो. फटक्याआधी कुणी बोललं की तुझं लक्ष उडतं, म्हणून आपण खूण ठरवली होती. मी बॅग उभी धरली तर मार, आडवी ठेवली तर थांब. अख्ख्या हंगामात तू एकदाही आडव्या बॅगेवर फटका मारला नाहीस. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, आता सांगतो.

तिसऱ्या गावचं तुला आठवत असेल. काठी चेंडूमागे टेकवताना तुझा चेंडू हलला. कुणी पाहिलं नव्हतं. तू आपणहून हात वर केलास, स्वतःवर दंडाचा एक जादा फटका लावून घेतलास, आणि त्याच एका फटक्यानं आपलं नाव कापलं गेलं. बसमध्ये काचेला कपाळ टेकून तू म्हणालास की कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, अरे, मी पाहिलं ना! त्यावर तू म्हणालास, मामा, तू पाहून कुणाचं पोट भरतं? मी हसण्यावारी नेलं. तिथं हसायला नको होतं. फोड तेव्हाच दिसत होता, मी वरून पावडर लावली.

मग शेवटचं गाव. हंगामाच्या यादीतले पहिले पाच मोठ्या मालिकेत जाणार होते, सहावा पुन्हा याच लॉजांमध्ये. पाचवी जागा तुझी की लंबूची, एवढंच उरलं होतं, आणि लंबू आपल्याच जोडीला खेळत होता. सतराव्या होलला तुझा चेंडू झाडाखाली उंच गवतात गेला. तू काठी मागे टेकवलीस आणि चेंडू बोटभर खाली घसरला. नियम तुलाही पाठ, मलाही पाठ: एक फटका लावून घ्यायचा आणि चेंडू परत जागेवर ठेवायचा. तू माझ्याकडे पाहिलंस. लंबू पलीकडे होता, त्याला चेंडू दिसत नव्हता, फक्त माझा चेहरा दिसत होता. बॅग माझ्या हातात होती. मी ती उभीच धरली.

फटक्यांच्या कार्डावर सही करायच्या आधी तंबूत लंबूनं शंका काढली. पंच आले. तू म्हणालास, नाही हलला. ते माझ्याकडे वळले, आणि मी म्हटलं, साहेब, नजर अधू झालीय माझी, नीट दिसलं नाही. तसं बोलायला तू सांगितलं नव्हतंस. ते माझंच. चाळीस वर्षं मैदानावर काढली त्याची माती मी एका वाक्यात केली. तू सही केलीस आणि एका फटक्यानं पाचवा आलास.

आठ दिवसांनी फोनवर तुझा निरोप आला की मोठ्या मालिकेत तेज नजरेचा कॅडी लागतो, मामा, वाईट वाटून घेऊ नकोस. क्लबवरही तू तेच सांगितलंस. तुझ्यासाठी मी आंधळा झालो, आणि आंधळा म्हणून तू मला काढलंस. वाईट वाटून घेतलं बाबा. भरपूर घेतलं.

तरी मी गप्प राहिलो असतो. पण तो नळ आणायला गेलो, तर दुकानात लंबू बसला होता. वडिलांचंच दुकान, पाइप आणि नळांचं. खेळ सोडला म्हणाला, आणखी एक वर्ष घरच्यांकडे मागवत नाही. सतराव्या होलबद्दल चकार शब्द काढला नाही. नळाच्या खोक्यावरचं माप मला दारातूनच वाचता येत होतं. त्यानं ते मला सावकाश वाचून दाखवलं, बोट ठेवून. मग नळ माझ्या हातात दिला आणि पायरीपर्यंत कोपराला धरून सोडायला आला, म्हणाला, जपून, मामा, इथं उतार आहे.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी घडाघडा वाचली. त्यांचा कागद सोबत जोडलाय. सोमवारी मी स्पर्धेच्या समितीपुढे जाऊन सांगणार आहे की चेंडू हलला, मी पाहिला आणि खोटं बोललो. माहीत असून सही केली असेल, तर ते कार्ड कितीही उशिरा रद्द होतं, हे तुला मीच शिकवलं होतं. मला पुन्हा मैदानावर पाऊल ठेवू देणार नाहीत, ते चालेल. पण सोमवारच्या आत तू जा. तिसऱ्या गावात केला होतास तसा आपणहून हात वर कर. गेलास तर दाराबाहेर मी उभा असेन. नाही गेलास, तरी मी जाणारच. त्या दिवशी मी बॅग उभी धरली, टिंगू. आज ती आडवी ठेवली आहे.

तुझाच,
सगळं दिसणारा,
मामा